खारं पाणी, विक्रांत आणि माझी बाइक

कोणती बाइक घ्यायची यावर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये महिनाभर खल चालला होता. 2016 सालची गोष्ट. मायलेज, पिकअप, लुक्स, मागे बसणारीला सीट सुटसुटीत आहे की नाही (मागे बसणारी तेव्हा नव्हती, पण प्लॅनिंग नको?)... सगळं काढून झालं. शेवटी मी बजाजची व्ही-15 घेतली, तीही एकाच कारणासाठी. भंगारात गेलेल्या आयएनएस विक्रांतचं पोलाद वितळवून या गाडीच्या टाकीत वापरलंय, असं कंपनीनं जाहीर केलं होतं. मित्र म्हणाले, ‘मार्केटिंगचा फंडा आहे, येडा झालास का?’ असेल बुवा. पण माझे मोठे मामा त्या जहाजावर होते!

मामा मूर्तिजापूरचे. म्हणजे समुद्रापासून रेल्वेनं सहाशेहून जास्त किलोमीटर. एका वेड्या वीकएन्डला मी पुण्याहून थेट बाइकवरच तिथे गेलो. आता आमच्या वऱ्हाडात एक पद्धत आहे. मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्यातल्या मित्रांना सांगितलं की ते हसतात, पण पद्धत आहे. त्या दिवशी मामा बाहेर आले, माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ गाडीजवळ गेले आणि टाकीवर तळहात ठेवून उभे राहिले. टाकी तापलेली होती, तरी हात काढेनात.

‘अजून गरमच हाय,’ एवढंच म्हणाले.

मूर्तिजापूरचा पोरगा नेव्हीत कसा, हा प्रश्न मलाही लहानपणापासून पडायचा. उत्तर स्टेशनवर आहे. मूर्तिजापूर जंक्शनवरून आमची शकुंतला सुटायची. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. चिमुकली नॅरोगेज गाडी, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. मामा शाळा बुडवून फायरमनला कोळसा ओढताना बघत बसायचे. 1966 मध्ये भरतीची जाहिरात आली, त्यात इंजिनाचं काम शिकवतात असं कोणीतरी सांगितलं. बस्स! समुद्र पाहिला नव्हता, पोहणं विहिरीपुरतं. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत ट्रेनिंग झालं आणि 1970 मध्ये मामा विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये उतरले. स्टोकर म्हणून.

‘टेम्परेचर किती असायचं?’ मी एकदा विचारलं.

‘आपला मे महिना. बारा महिने.’

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र पाण्याची आहे. बॉयलरला लागतं एकदम शुद्ध पाणी. भोवती समुद्रच समुद्र, पण त्यातलं मीठ आत गेलं की नळ्या खराब झाल्याच म्हणून समजा. म्हणून समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून गोडं पाणी करायचं आणि ते पुन:पुन्हा तपासायचं. नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी दुधाळ झालं की समजायचं, मीठ शिरलं! आधी बॉयलरची तहान, मग उरलं तर खलाशांची आंघोळ.

आता मूर्तिजापूर कुठे आहे? पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं आहे. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की कळतं. मामा सांगतात, ट्रेनिंगमध्ये ती टेस्ट दाखवली तेव्हा बाकी पोट्टे बघतच राहिले. यांना हसू आलं. आपल्या गावच्या विहिरीत दोन थेंब टाकले तर सगळी विहीर दूध होईल! पाणी जपून वापरायचं हे त्यांना नेव्हीनं शिकवायची गरजच नव्हती. ते काम त्यांच्या आईनं आधीच केलं होतं.

1971 म्हटलं की आपल्या पिढीला ‘बॉर्डर’ सिनेमा आठवतो. म्हणजे वाळवंट. मामांचं 1971 जहाजाच्या पोटात झालं. तेव्हा विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले, म्हणजे स्पीड कमी. आणि विमान उडायचं तर डेकवरून समोरून जोरात वारा यायला हवा. बाहेरचा वारा पडलेला असेल, तर जहाजानंच तेवढं पळायचं. थोडक्यात, वर पायलट सी हॉकमध्ये बसलेला आणि खाली तीन बॉयलर सांभाळणारे हे स्टोकर त्याच्यासाठी वारा तयार करताहेत! 4 डिसेंबरला विक्रांतवरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ला केला. मामांनी त्यातलं काही म्हणजे काही पाहिलं नाही. डोक्यावर कॅटापुल्टचा दणका बसला की एक विमान गेलं. परत येईपर्यंत ते दणके मोजत राहायचे. ‘लढाई म्या ऐकली. पाह्यली नाही,’ असं ते म्हणतात.

त्याच रात्री पश्चिमेकडे आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर धडक मारली. म्हणून 4 डिसेंबर हा नेव्ही डे. मुंबईत गेटवेला बँड वाजतो, सोशल मीडियावर शुभेच्छांचा पूर येतो. मूर्तिजापुरात? काही नाही. बाजार भरतो, कापसाच्या गाड्या जातात.

पण 9 डिसेंबरला असतं. आपण तरुण मंडळी ही तारीख सहसा विसरतो. त्या रात्री दीवपासून सुमारे 40 नॉटिकल मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. दर्यापूरचे एक काका खुकरीवर होते. बदली झाली म्हणून त्या रात्री नव्हते. हे मला मामांनी सांगितलं, काकांनी कधीच नाही. ते, कारंज्याचे एक काका आणि मामा दर 9 डिसेंबरला मूर्तिजापूर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर जमायचे. स्टेशनच का? कारण शकुंतला दर्यापूरलाही जायची आणि कारंज्यालाही. आता शकुंतला बंद आहे. कारंज्याचे काका दोन वर्षांपूर्वी गेले. दर्यापूरचे काका एसटीनं येतात.

विक्रांतही गेलीच की. 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती. 2012 मध्ये तेही बंद झालं. 2014 मध्ये लिलाव झाला, साठ कोटींना, आणि दारूखान्याला तोडकाम सुरू झालं. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा मामा उठून आत गेले होते. 2022 ला नवी विक्रांत आली, ती मात्र कौतुकानं पाहिली. तिला गॅस टर्बाइन आहेत असं मी सांगितलं तर म्हणाले, ‘बॉयलर नाही? मंग खाली पोट्टे करतेत काय?’

आता माझं पाप सांगतो. गेल्या वर्षी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये गेलो. पार्किंग एक, त्यात कार. बाइक विकायची ठरली, फोटोही काढून झाले. बोलता बोलता फोनवर मामांना सांगून बसलो. पलीकडे बराच वेळ शांतता.

‘किती येतेत तिचे?’

‘मामा, पंधरा-वीस हजार फार तर.’

‘मी पाठवतो. पेन्शन जमा झाली हाय. एकदा लिलाव झाला तिचा, आता पुरे.’

पैसे अर्थातच घेतले नाहीत. गाडी पार्सलनं मूर्तिजापूरला गेली. मामांचं वय 77, त्यांना चालवायला कोण देतंय? मामेभाऊ चालवतो, ते मागे बसतात.

डिसेंबरात सुट्टी काढून मी मुद्दाम 9 तारखेला गेलो. टपरीसमोर बाइक लावलेली, दोघं म्हातारे बाकड्यावर. खुकरीचं नावही कोणी काढलं नाही. गुडघे, कापसाचा भाव, नातवाचं इंजिनिअरिंग. रात्री नऊच्या सुमाराला दोघं गप्प झाले, आपोआप. मीही गप्प. एक मालगाडी धडधडत गेली. मग काकांनी उठून चहाचा कप बाइकच्या टाकीवर ठेवला.

‘डेकवर कप ठिवू नको बे!’ मामा खेकसले.

काकांनी कप उचलला आणि खिशातल्या रुमालानं टाकीवरचा गोल डाग पुसला.