गुडघ्यातले इंजेक्शन आणि सहीचा कागद

आमच्या वस्त्यांतील माय-माउल्यांचे गुडघे केवळ वयाने झिजत नाहीत, राबण्यानेही झिजतात. झाडलोट, डोक्यावरची ओझी, उकिडवे बसून केलेली धुणीभांडी. मग कुणी सांगते, 'इंजेक्शन घ्या, ऑपरेशन टळेल', आणि घरातले किडुकमिडुक गहाण पडते.

आमचा सवाल आहे : पैसे मोजण्यापूर्वी पुरावा मागितला काय? स्टिरॉइडने काही आठवडे आराम पडतो, हे खरे. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १४० रुग्णांवरील चाचणीत, दर बारा आठवड्यांनी दोन वर्षे ते घेणाऱ्यांची कूर्चा मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा अधिक झिजली. वेदनेत फरक नव्हता. स्वतःच्याच रक्तापासून बनणारे महागडे 'पीआरपी' ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांवर तपासले गेले. २०२१ चा निष्कर्ष : वर्षभरानंतर मिठाच्या पाण्याहून सरस नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन घटवणे यांचा उपयोग सिद्ध आहे. पण त्यात कुणाचा धंदा होत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ च्या समीरा कोहली निकालाने बजावले की, उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे. म्हणून कोऱ्या कागदावर सही वा अंगठा नको. विचारा, लिहून घ्या, पावती जपा.

तथागतांनी कालामांना सांगितले होते : कुणी सांगतो म्हणून मानू नका. ते दवाखान्यातही लागू आहे.