नदी गेली, गाव राहिले

काचेच्या ग्लासात थोडी वाळू व थोडी चिकणमाती टाका, पाणी ओता आणि ढवळा. आता हात थांबवा. काय दिसते? वाळू चटकन तळाशी बसते. पाणी मात्र बारीक मातीमुळे बराच वेळ गढूळ राहते. अमेरिकेतील एका लहानशा गावाच्या जन्माचे रहस्य या साध्या प्रयोगात आहे.

गावाचे नाव ब्रो ब्रिज. लुइझियाना राज्यात, लाफायेट शहराच्या पूर्वेस, ते टेश बायूच्या काठी वसले आहे. बायू म्हणजे सपाट, दलदलीच्या प्रदेशातून संथ वाहणारा प्रवाह. हा शब्द तेथील मूळच्या चोक्टॉ लोकांच्या भाषेतला.

काही हजार वर्षांपूर्वी खुद्द मिसिसिपी नदी याच मार्गाने समुद्राला मिळत असे. पूर आला की पाणी काठाबाहेर पसरे. तेथे त्याचा वेग मंदावे. मग तुमच्या ग्लासात घडले तेच घडे. जाड गाळ काठालगत पडे, बारीक माती दूर जाऊन बसे. पुरामागून पूर येऊन काठ उंचावले. अशा काठांना पूरतट म्हणतात. पुढे नदीने मार्ग बदलला. मागे उरला टेश बायू आणि त्याच्या दुतर्फा, भोवतालच्या दलदलीहून काही मीटरच उंच अशी सुपीक जमीन.

या पट्ट्यावरच वस्ती झाली यात नवल नाही. कॅनडाच्या किनाऱ्यावरील अकादिया प्रांतातून ब्रिटिशांनी १७५५ पासून फ्रेंच भाषिक शेतकऱ्यांना हाकलून दिले. त्यांपैकी काही कुटुंबे १७६५ च्या सुमारास टेशच्या काठी आली. १७९९ मध्ये फिरमँ ब्रो यांनी बायूवर पादचारी पूल बांधला. त्यावरून गावाला नाव मिळाले. १८२९ मध्ये स्कोलास्टिक पिकू ब्रो या बाईंनी गावाचा आराखडा तयार केला.

अकादियन लोकांचे वंशज आज ‘केजन’ म्हणून ओळखले जातात. गावात आफ्रिकी वंशाचे लोकही मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना मळ्यांवर गुलाम म्हणून राबावे लागले. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ७,५०० भरली. दलदलीत सापडणारा, नांग्या असलेला क्रॉफिश इतका प्रसिद्ध की राज्याच्या विधिमंडळाने १९५९ मध्ये गावाला ‘क्रॉफिशची जागतिक राजधानी’ असा किताब दिला!

पण नदीची गोष्ट संपलेली नाही. गावाच्या पूर्वेस ॲचाफालाया नदीचे खोरे आहे. मिसिसिपीला समुद्राकडे जाण्यास ही वाट जवळची. म्हणून ती पुन्हा मार्ग बदलू पाहते. १९२७ च्या महापुरात बांध फुटून टेशकाठच्या गावांत पाणी शिरले. १९६३ मध्ये अभियंत्यांनी नियंत्रक दरवाजे उभारले. त्यांतून सुमारे ३० टक्केच पाणी ॲचाफालायाकडे सोडतात. १९७३ च्या पुराने त्यांचाही पाया पोखरला होता. पुढे तेथे जादा दरवाजे बांधावे लागले.

ज्या पुराने गावाला जमीन दिली, त्याच पुराला आज बांधांनी दूर ठेवावे लागते. तुमच्या गावाजवळ नदी असेल, तर जुनी वस्ती काठापासून किती उंचावर आहे ते पाहून या. पूर्वी पूर कोठवर येई, हे आजोबांना विचारायला विसरू नका.