मोडेमास बिनतारी केंद्राची जोड

नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बेसा गांवीं पूर्वीच्या पुष्कळशा शेतांवर आतां वस्ती झाली आहे. तथापि ज्यांची शेती चालू आहे, त्यांस सातबाराचा उतारा, २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी व कळमना बाजाराचे भाव यांकरितां इंटरनेट लागतेंच. मोडेम माजघरांत व बसण्याउठण्याची जागा ओसरीवर, अशी अडचण अनेक घरीं असते. तीवर उपाय म्हणजे मोडेमास बिनतारी केंद्र, अर्थात् बाजारांत ज्यास वायफाय राउटर म्हणतात तें यंत्र, जोडणें हा होय. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील अशा कमी शक्तीच्या यंत्रांस आपल्या देशांत २००५ पासून परवाना लागत नाहीं.

प्रथम दोन्ही यंत्रें बंद करावीं. मोडेमच्या 'लॅन' छिद्रांतून इथरनेटची तार काढून केंद्राच्या 'वॅन' छिद्रांत बसवावी. तार १०० मीटरांहून लांब नसावी. नंतर आधीं मोडेम चालू करावा, व त्याचे दिवे स्थिर झाल्यावर केंद्र चालू करावें. कांहीं मोडेम पूर्वीं जोडलेल्या यंत्राचीच ओळख धरून बसतात. म्हणून ते बंद करून पुन्हां चालू करणें अवश्य आहे.

इतकें करूनही काम अडल्यास एक कारण विशेष तपासावें. आजचे बहुतेक फायबर मोडेम घरांतील प्रत्येक यंत्रास स्वतःच पत्ता वाटतात, आणि केंद्रही तेंच करूं लागतें. एका पाटावर दोन पाटकरी आपापल्या मनानें पाळी देऊं लागले, तर जो घोंटाळा होईल तोच येथें होतो. अशा वेळीं केंद्र 'ॲक्सेस पॉइंट' पद्धतीवर ठेवावें, म्हणजे पत्ते वाटण्याचें काम एकट्या मोडेमकडे राहतें.

केंद्र उंच व मोकळ्या जागीं ठेवावें. जाड भिंती व लोखंडी पत्रे लहरी अडवितात. त्यांतही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक अडतात.

आणखी दोन गोष्टींत हयगय करूं नये. कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द त्याच दिवशीं बदलून डब्ल्यूपीए२ अथवा डब्ल्यूपीए३ हें कुलूप लावावें. उघड्या जाळ्यावरून परक्यानें गैरकृत्य केल्यास चौकशी प्रथम आपल्या दारीं येते. दुसरें, मृगाच्या सुमारास आभाळ भरून येतांच दोन्ही यंत्रांचे प्लग काढून ठेवावे. फायबरच्या कांचेंतून वीज येत नाहीं, परंतु विद्युत् पुरवठ्याच्या तारेंतून ती खास येते, व एका कडकडाटांत दोन्ही यंत्रें निकामी होऊं शकतात.