जुन्या संगणकावर कोरकू पुस्तिका : सॉफ्टवेअर घडवताना येणाऱ्या अडचणी

वसतिगृहांना मिळणाऱ्या जुन्या संगणकांविषयी हितचिंतक नेहमी एक प्रश्न विचारतात : एवढ्या जुन्या यंत्रांवर आज काही उपयोगाचे काम होते का? होते. मात्र काही वेळा लागणारे सॉफ्टवेअर तयार मिळत नाही, ते त्याच यंत्रावर घडवावे लागते. मेळघाटातील मुलींच्या वसतिगृहात आम्ही तसे केले. इतर केंद्रांवरचे कार्यकर्तेही आता हे काम हाती घेणार आहेत, म्हणून वाटेतल्या अडचणी जरा सविस्तर लिहितो.

काम असे. कोरकू गाणी, गोष्टी आणि शब्दसंग्रह यांच्या काही जुन्या पुस्तिका केंद्राच्या कपाटात आहेत. देवनागरीत, खिळे जुळवून छापलेल्या. कागद इतका कुरकुरीत झाला आहे की पान उलटताना कोपरा हातात येतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा; मराठीशी तिचा शेजार आहे, नाते नाही. तिच्यात छापलेले मुळातच थोडे, आणि मुलींना तेच वाचायला हवे आहे. पानांचे नुसते स्कॅन ठेवले तर चित्र टिकते, पण त्यात शब्द शोधता येत नाही की पुस्तिका मोठ्या अक्षरांत पुन्हा छापता येत नाही. चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे सॉफ्टवेअर लागते. टेसरॅक्ट हे त्यातले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८० च्या दशकात ते सुरू झाले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

आमच्या संगणकावर उबुंटू १४.०४ आहे, म्हणजे एप्रिल २०१४ ची प्रणाली. ती बदलली का नाही? यंत्र ३२ बिटचे, मेमरी २ जीबी, आणि देणगीत आलेल्या स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त याच काळातल्या प्रणालीवर चालतो. बनवणाऱ्यांनी पुढे नवा काढलाच नाही. स्कॅनर हवा तर प्रणाली जुनी ठेवणे भाग. तिच्या भांडारात टेसरॅक्टची ३.०३ ही आवृत्ती तयार मिळते. पण देवनागरी जोडाक्षरांसाठी खरा फरक पडला तो २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने. तिच्यात सुटे अक्षर न पाहता सबंध ओळ वाचणारी नवी पद्धत आली.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी : तयार पॅकेज म्हणजे दुकानातले पीठ, सोर्स कोड म्हणजे दाणे. कंपाइल करणे म्हणजे दाणे आणून आपल्या गिरणीत दळणे. कंपायलर ही गिरणी. आपली गिरणी २०१४ ची आहे, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवायचे.

म्हणून पहिला निर्णय आवृत्तीचा, आणि माझ्या मते निम्मे यश त्यातच आहे. सगळ्यात नवे ते घ्यावे असे वाटते. पण २०२१ च्या शेवटी आलेली टेसरॅक्टची पाचवी आवृत्ती सी++१७ हे भाषेचे रूप मागते, आणि आपला जीसीसी ४.८ ते जाणत नाही. कॉन्फिगरची पायरी तिथेच थांबते. चौथ्या आवृत्तीला सी++११ पुरते आणि तिच्या कर्त्यांनी जीसीसी ४.८ हीच किमान मर्यादा सांगितली आहे. आपण बरोबर उंबरठ्यावर आहोत. आम्ही ४.१ घेतली. नव्या आवृत्तीसाठी कंपायलर बदलायचा, मग त्याच्यासाठी आणखी काही बदलायचे, या फेऱ्यात दिवस जातात.

नव्या संगणकावर घडवलेली तयार फाइल पेनड्राइव्हवरून आणली तर? बहुधा ती सांगेल की जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडत नाही. जीलिबसी ही प्रणालीची मूळ लायब्ररी, आपल्याकडे २.१९ आहे. हा संदेश पाहून काही जण नवी जीलिबसी जुनीच्या जागी बसवतात. तसे कधीही करू नका. त्या लायब्ररीवर यंत्रातले जवळजवळ सगळे प्रोग्राम उभे असतात, अगदी फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा. एका ठिकाणी असे केल्यावर संगणक पुन्हा सुरूच झाला नाही.

सोर्स उतरवून घेतानाच पहिली अडचण येते : संकेतस्थळाचे प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही, असा संदेश. याची दोन कारणे असतात. एक अगदी घरगुती आहे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते, आणि कित्येक वर्षे मागे असलेल्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून लागू झालेले दिसत नाही. सीआर२०३२ हा सेल तालुक्याच्या बाजारात सहज मिळतो. तो बदलून तारीख नीट लावा. चुकीच्या तारखेने पुढे मेकसुद्धा अडखळते, कारण कोणती फाइल नवी आणि कोणती जुनी हे ते वेळेवरूनच ठरवते. दुसरे कारण असे की ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक मोठे मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले, आणि कितीतरी जुन्या प्रणालींचा अनेक संकेतस्थळांवरचा विश्वास त्याच्या आधारावर होता. काही जण अशा वेळी प्रमाणपत्राची तपासणीच बंद करतात. मला ते पटत नाही. उबुंटू १४.०४ चा नेहमीचा सुरक्षा-आधार एप्रिल २०१९ मध्ये संपला, तेव्हा ते यंत्र इंटरनेटपासून दूरच बरे. लागणारी पॅकेजे एकदा भरून घ्या, आणि सोर्स दुसऱ्या चांगल्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणा. आमच्याकडे रेंज टेकडीवरच मिळते, त्यामुळे हा नियम पाळणे जड गेले नाही.

आता घडवणे. टेसरॅक्टच्या आधी लेप्टोनिका ही चित्रे हाताळणारी लायब्ररी लागते, १.७४ किंवा पुढची. भांडारात १.७० आहे, म्हणून तीही सोर्समधून. आम्ही १.७८ घेतली.

लेप्टोनिकाची एक गोष्ट फसवी आहे. पीएनजी, जेपेग आणि टिफ या चित्रप्रकारांच्या लायब्ररींची ‘डेव्ह’ पॅकेजे आधी बसवलेली नसली तरी ती कुरकुर न करता घडते. सगळे सुरळीत झाले असे वाटते. मग टेसरॅक्ट घडते, बसते, आणि पहिलेच पान वाचायला दिले की पीएनजी वाचण्याचे काम उपलब्ध नाही असा संदेश येतो. दोष दोन पायऱ्या मागे असतो. म्हणून टेसरॅक्ट बसल्यावर आधी त्याला आवृत्ती विचारा. उत्तरात लेप्टोनिकाच्या नावाखाली चित्रांच्या लायब्ररींची यादी येते. तीत पीएनजी नसेल, तर ते पॅकेज बसवून लेप्टोनिका पुन्हा कॉन्फिगर करून घडवा.

याहून बुचकळ्यात टाकणारा संदेश टेसरॅक्टच्या कॉन्फिगरमध्ये येतो. अमुक ओळीत व्याकरणाची चूक, आणि पुढे एव्हीएक्स असे काहीतरी. वाचणाऱ्याला वाटते की सोर्सच बिघडला आहे किंवा आपला प्रोसेसर चालत नाही. तसे काही नसते. ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह नावाचे छोटे पॅकेज बसवायचे राहिलेले असते. ते नसले की कॉन्फिगरची फाइलच अर्धवट तयार होते, आणि शेलला तिच्यातली एक ओळ कळत नाही. पॅकेज बसवा आणि ऑटोजेनपासून पुन्हा सुरुवात करा. नुसते कॉन्फिगर पुन्हा चालवले तर तीच अर्धवट फाइल चालते आणि तीच चूक दिसते.

मेक चालू असताना कंपायलर अचानक मारला गेला, असा संदेश आला तर मेमरी संपली असे समजा. एकाच वेळी अनेक फाइली घडवण्याचा पर्याय वापरू नका, एकेकच घडू द्या, आणि डिस्कवर २ जीबीची स्वॅप फाइल करून द्या. वेळ लागतो. आम्ही रात्रीच्या जेवणाआधी लावून द्यायचो. पडद्यावर चुकांची रांग लागली तर वर जाऊन पहिली चूक वाचा. खालच्या बहुतेक चुका तिच्यामुळेच आलेल्या असतात.

बसवल्यावर लायब्ररी सापडत नाही असा संदेश आला, तर एलडीकॉन्फिग ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने एकदा द्या. भाषेची माहिती-फाइल सापडत नाही म्हटले, तर टेसडेटा-प्रीफिक्स हे चल तपासा. तिसऱ्या आवृत्तीत त्यात टेसडेटा फोल्डरच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा असे, चौथीत थेट टेसडेटाचा. जुन्या मार्गदर्शिका वाचून काम करणारे इथे हमखास अडतात.

भाषेच्या फाइलींत मराठीची वेगळी फाइल आहे. आम्ही आधी तीच लावली, पण कोरकू शब्दांना ती मराठीच्या वळणावर नेते. कोरकूत ‘डा’ म्हणजे पाणी. एवढा आखूड शब्द ती बऱ्याचदा शेजारच्या शब्दाला चिकटवून टाके. मग सबंध देवनागरी लिपीसाठी असलेली वेगळी फाइल वापरली. ती अनेक भाषांवर मिळून तयार झाली आहे, त्यामुळे एका भाषेचा तिचा आग्रह कमी. चुका उरतातच, विशेषतः शाई पसरलेल्या पानांवर आणि अनुस्वारांत. मुली दोघी-दोघी बसून पान आणि मजकूर ताडून पाहतात. घरी कोरकू बोलणारी एक आणि शुद्धलेखन चांगले असलेली एक, अशी जोडी लावली आहे. शब्दसंग्रहाची पुस्तिका पूर्ण झाली, गाण्यांची सुरू आहे.

एका संगणकावर सगळे जमले की तशाच दुसऱ्यावर पुन्हा घडवायची गरज नाही. प्रणाली आणि बिट सारखे असतील तर यूझर-लोकल फोल्डर बांधून पेनड्राइव्हने न्या, तिथे उलगडा, एलडीकॉन्फिग द्या. चित्रप्रकारांच्या लायब्ररी मात्र त्या यंत्रावर असायला हव्यात. घडवताना ‘याच प्रोसेसरसाठी’ असा पर्याय दिलेला नसावा, नाहीतर अधिक जुन्या प्रोसेसरवर प्रोग्राम सुरू होताच बंद पडतो.

संगणक देऊ इच्छिणाऱ्या हितचिंतकांनी यंत्रासोबत एक चिठ्ठी जोडावी : प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, मेमरी किती, आणि वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते का. स्कॅनर देत असाल तर त्याची ड्रायव्हर सीडी असल्यास तीही द्या, ओरखडे पडलेली असली तरी चालेल.