रात्रपाळीची साखर

मधुमेहाच्या कुठल्याही दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘डॉक्टर, रात्री नुसती भाजी आणि ताक घेतलं, तरी सकाळी उपाशीपोटीची शुगर दीडशे कशी?’ घरच्यांना वाटतं, यांनी रात्री गुपचूप फ्रिजमधला पेढा उडवला असणार. बहुतेक वेळा पेढा निर्दोष असतो. ती साखर रात्रभर जागून यकृताने तयार केलेली असते.

आपल्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच तासाभरात जवळपास तेवढी संपवतो. तरीही आपण झोपेत बेशुद्ध पडत नाही, कारण यकृत रात्रपाळी करतं. साठवलेलं ग्लायकोजेन मोडून, आणि जोडीला लॅक्टेट व प्रथिनांतले घटक वापरून, ते साखर रक्तात सोडत राहतं. साठ किलो वजनाच्या माणसात हा वेग तासाला सात ग्रॅमच्या आसपास असतो.

हे प्रथम दाखवलं क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १८५५ साली त्याने यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून ते इतकं धुतलं, की साखरेचा मागमूस उरला नाही. मग ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात साखर पुन्हा हजर! खाण्याशी काही संबंध नसताना यकृत आपल्या साठ्यातून साखर काढतं, हे त्यातून कळलं. तो साठा म्हणजे ग्लायकोजेन. १८५७ मध्ये बेर्नारने ते वेगळं करून दाखवलं.

नंतर इन्शुलिन सापडलं आणि सगळ्यांचं लक्ष स्वादुपिंडाकडे गेलं. ते चूक नव्हतं, पण त्यात यकृत मागे पडलं. स्वादुपिंडातून सुटलेलं इन्शुलिन आधी यकृतात जातं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास तिथेच वापरलं जातं किंवा मोडलं जातं. उरलेलं बाकीच्या शरीराला मिळतं. यकृताला इन्शुलिनचा निरोप दोन प्रकारचा: साखर बनवणं थांबव, आणि जास्तीची साखर साठव. साठवायची जागा संपली की त्याच साखरेची चरबी होते.

बिघाड सुरू होतो तो इथेच. बैठं काम, कमी हालचाल, यामुळे स्नायू साखर घेईनासे होतात. ती साखर यकृताकडे वळते आणि तिथे चरबी साचते. चरबीने भरलेलं यकृत ‘साखर बनवणं थांबव’ हा निरोप मानत नाही. ‘चरबी बनव’ हा मात्र इमानेइतबारे पाळतं. म्हणून उपाशीपोटीची साखर चढते. ती खाली आणायला स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओततं आणि त्या इन्शुलिनमुळे आणखी चरबी बनते. यकृतातून बाहेर पडणारी ही चरबी रक्तातून स्वादुपिंडातही जाऊन बसते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी थकत जातात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनी २००८ मध्ये ही दुहेरी चक्रांची कल्पना मांडली. टाइप २ मधुमेहात वर्षानुवर्षं दिलं जाणारं मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताच्या साखरनिर्मितीवरच काम करतं, हे गोळी घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं, कोण जाणे.

आता आपल्या घरातल्या फायलीकडे वळू. पित्ताशयात खडे आहेत का, हे पाहायला सोनोग्राफी करतात. खडे नसतात, पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते, ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. सोनोग्राफी करणारे डॉक्टर यकृताचा रंग शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी ताडून पाहतात. निरोगी यकृत साधारण तितकंच करडं दिसतं. चरबी साचली की पांढुरकं दिसू लागतं. किंचित उजळ असेल तर ग्रेड वन. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर दोन. यकृतामागचं श्वासपटलच नीट दिसेनासं झालं तर तीन. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी असली की वैद्यक त्याला फॅटी लिव्हर म्हणतं, पण साध्या सोनोग्राफीत थोडी चरबी निसटते. ती वीसेक टक्क्यांच्या पुढे गेली की खात्रीने दिसते. म्हणजे ‘नुसतं ग्रेड वन’ वाटतं तितकं ‘नुसतं’ नसतं.

मग ती ओळ फाइलमध्ये जाते. ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ असं म्हणून कधी डॉक्टरही पुढे सरकतात. ज्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही त्यांना उलट राग येतो, माझ्या लिव्हरला काय धाड भरली म्हणून. सगळ्यांना असतं हे खरंही मानता येईल. पण सगळ्यांच्या घरी मधुमेहही आहे. २०२१ मध्ये ३३ अभ्यासांतल्या सुमारे पाच लाख प्रौढांची माहिती एकत्र तपासली गेली. फॅटी लिव्हर असलेल्यांत पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं, आणि यकृतात तंतुमय घट्टपणा, म्हणजे फायब्रोसिस, वाढलेला असेल तर तिपटीहून जास्त. प्रत्येकालाच मधुमेह होतो असं नाही. पण साखर बॉर्डरवर यायच्याही आधी मिळणारी ही सूचना आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला.

‘पण मी कुठे जाडा आहे?’ या प्रश्नाचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्याही आत, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी खूपच कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास त्यांच्याइतकी. काटक्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट, ही आपल्याकडच्या चाळिशीतल्या माणसाची ओळख पाळण्यापासूनची आहे. स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायची जागा कमी, आणि कातडीखाली चरबी मावेनाशी झाली की ती यकृतात जाते. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणकामाची टेप जास्त खरं सांगते: कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० च्या पुढे गेली की यकृताची चौकशी करावी.

चांगली बातमी म्हणजे यकृतातली चरबी आली तशी जातेही, आणि फार चटकन जाते. टेलर यांनी २०११ मध्ये मधुमेह होऊन चार वर्षं न उलटलेल्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० उष्मांकांवर ठेवलं. पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी जवळपास तीस टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर सरासरी १६६ वरून १०६ वर आली. स्वादुपिंड सावरायला मात्र आठ आठवडे लागले. पुढे स्कॉटलंड आणि टाइनसाइडच्या साध्या दवाखान्यांत अशाच कमी उष्मांकांच्या आहाराची मोठी चाचणी झाली, तीत वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आले. ज्यांनी पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत चढतं. हेही लपवायला नको. जाड नसलेल्यांवरही टेलर यांनी प्रयोग केला, तर २० पैकी १४ जणांना गुण आला. इतका कडक आहार घरच्या घरी करून पाहू नये, विशेषतः शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर. साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. मधुमेह झालेला नसेल तर इतक्या टोकाला जायची गरजही नसते. वजनात पाच टक्क्यांची घट, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो, एवढ्यानेही यकृतातली चरबी कमी होते.

स्वयंपाकघरात तेलातुपाच्या नावाने जेवढी बोटं मोडतात तेवढी साखरेच्या नावाने मोडत नाहीत. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि त्याचा निकाल मुख्यतः यकृतातच लागतो. जास्त झालं की चरबी. ‘आम्ही साखर सोडली, गूळच वापरतो’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं: गुळाचाही मोठा भाग तीच साखर. उसाचा रस, बाटलीतली सरबतं, पाकिटातला फळांचा रस ही तर सरळ भरती. अख्खं फळ खाल्लं तर तक्रार नाही. उपासाच्या साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं, त्यामुळे ‘आज उपास, पोटाला विश्रांती’ हे यकृताला लागू नाही. हालचालीचं महत्त्व येल विद्यापीठाच्या जेराल्ड शुलमन यांच्या गटाने दाखवलं: ४५ मिनिटांचा एकच व्यायाम, आणि त्यानंतरच्या जेवणातून यकृतात बनणारी नवी चरबी घटली, कारण स्नायूंनी साखर उचलली. दारू थोडी असली तरी अशा यकृताला परवडत नाही.

आणि काढे. ‘लिव्हर साफ करणारी’ बाटली विकत आणण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या, की २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वाद झाला. साचलेली चरबी बाटलीने ‘साफ’ होत नाही, एवढं मात्र वादाबाहेर आहे.

तर फाइलमधली ती ओळ सापडली की उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी करून घ्यावं. १०० ते १२५ आणि ५.७ ते ६.४ ही बॉर्डर. फायब्रोसिसचा अंदाज घ्यायला वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या चार आकड्यांवरून ‘फिब-४’ निघतो, १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नये, फॅटी लिव्हर असलेल्या पुष्कळांचं ते नॉर्मलच असतं. राहिला फराळ. ‘दिवाळी होऊ दे, मग तपासू’ म्हणणाऱ्यांना त्याचा फारसा फायदा-तोटा नाही: एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं, त्यात चार दिवसांच्या करंज्या जेमतेम दिसतात, गणपतीपासूनचा रोजचा चार कप गोड चहा मात्र दिसतो.