चेंडू झेलणारा पडदा

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, तेव्हा पडद्याला केवळ प्रकाश झेलावयाचा होता. गोल्फ सिम्युलेटर या बंदिस्त जागेतील सरावयंत्राच्या पडद्याला मैदानाच्या चित्राबरोबर चेंडूही झेलावा लागतो. ताशी २१६ किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या ४६ ग्रॅमच्या चेंडूची ऊर्जा एक मीटर उंचीवरून पडलेल्या साडेआठ किलोग्रॅम वजनाएवढी असते! पडदा ताणून बांधल्यास चित्र रेखीव उमटते. परंतु चेंडू उसळून खेळणाऱ्याच्याच अंगावर येतो. म्हणून घट्ट विणीचे जाड पॉलिएस्टर कापड किंचित सैल टांगून मागे मोकळी जागा ठेवावी. कापड मागे सरते आणि चेंडूचा वेग क्रमाक्रमाने जिरतो. चित्रात थोड्या सुरकुत्या दिसतील. त्या खुशाल दिसोत.