जंगलातला रस्ता : हिशेब कोणाच्या वहीत?

रस्ता हा शब्द आपल्याला साधा नाही. १९२४ साली वायकोमला मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला. त्यामुळे जंगलातल्या प्रत्येक रस्त्याला सरसकट विरोध करणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींशी माझे जमत नाही. गडचिरोलीच्या दुर्गम गावांतून अडलेली बाळंतीण खाटेवरून वाहून न्यावी लागते, तेव्हा झाडांची मोजणी एकटी पुरत नाही.

पण रस्ता कोणासाठी, हे त्याच्या रुंदीवरून ओळखावे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, दवाखाना अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. झाडे हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडता येत नाहीत. एक हेक्टर म्हणजे दहा मीटर रुंदीचा एक किलोमीटर पट्टा. एस.टी.ला, रुग्णवाहिकेला तेवढी रुंदी पुष्कळ झाली. सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड ट्रकांची भूक वेगळी असते.

मोठ्या प्रकल्पाला वनजमीन देताना ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ते हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये ठरवले. पुढे दर वाढले. २०१६ च्या कायद्याने या निधीचे ९० टक्के राज्याकडे, १० टक्के केंद्राकडे जातात. जिचा मोह तोडला गेला त्या बाईचे खाते या वहीत नाही. भरावाखाली मोरी घातली नाही म्हणून ज्याच्या बांधीत पाणी पोचले नाही, त्याचेही नाही.

जमेची बाजू खोटी नव्हे. मोह, तेंदू, बांबू रस्त्यापर्यंत आला की एकट्या व्यापाऱ्याची मिजास उतरते. मात्र विकण्याचा हक्क गावाकडे हवा. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले, तेव्हा कुठे रस्ता त्यांच्या कामी आला.

आपल्या माणसांचे काय? जंगलातल्या दलित कुटुंबाला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. भूमिहीनाने एवढा जुना कागद आणावा कुठून? दावा मंजूर नसलेल्या तुकड्यावरून रस्ता गेला, तर भरपाई मागायला तो उभा राहणार कशाच्या आधारावर?

म्हणून कार्यकर्त्यांनी ठरावात रुंदी मीटरमध्ये लिहून घ्यावी, मोऱ्यांच्या जागा गावालाच दाखवायला लावाव्यात आणि प्रलंबित दावेदारांची नावे त्याच ठरावात नोंदवून मगच सह्या-अंगठे घ्यावेत.